पिशवीची घडी

माझ्याकडे ब्लाऊज शिवायला येणारी बाई कापड कधी नुसतं हातात घेऊन येत नाही. पिशवीत घालून आणते, आणि ती पिशवी बहुतेक वेळा जिथून साडी घेतली त्याच दुकानाची असते. त्यामुळे नाशिकच्या इंदिरानगरातल्या माझ्या दहा बाय बाराच्या खोलीत बसल्या बसल्या मला कळतं, लग्नसराईची खरेदी कुठे चाललीय. मेनरोडच्या दुकानांच्या खाकी पिशव्या, कॉलेज रोडच्या गुळगुळीत, चकचकीत पिशव्या, सराफ बाजारातून आलेली एखादी इवलीशी, पुठ्ठ्यासारखी जाड. दिवाळीच्या आसपास येवल्याहून पैठणी घेऊन आलेली मोठी थोरली पिशवी, जिच्या दोऱ्यासुद्धा रेशमी असतात.

कापड बाहेर काढलं की मी आधी ती पिशवी सरळ करते. आत हात घालून चारही कोपरे बोटांनी बाहेर ढकलते, मग तिच्या मूळच्या घडीवरच पुन्हा बसवते. पेन्सिलीने तिच्या पाठीवर आडनाव लिहिते, त्याखाली उंची, छाती, कंबर, मुंढा, बाही, पुढचा गळा, मागचा गळा आणि द्यायची तारीख. अस्तर आणलं की त्याच पिशवीत, हूक त्याच पिशवीत, साडीच्या काठाचा तुकडा त्याच पिशवीत. पिशवी भिंतीवरच्या खिळ्याला. ब्लाऊज झाला की घडी घालून त्याच पिशवीतून परत. सत्तावीस वर्षं मी असं काम करतेय. मधली काही वर्षं प्लास्टिकच्या पिशव्यांची गेली, तेव्हा प्लास्टिकवर पेन्सिल उठत नसे म्हणून चिठ्ठी लिहून टाचणीने लावावी लागे, आणि टाचणी एखाद्या रेशमी कापडात घुसली की दिवस खराब जाई. कागदावर लिहिता येतं. पिशवीच्या बाबतीत हा केवढा मोठा गुण आहे!

पण निम्म्या बायका पिशवी परत नेत नाहीत. "राहू दे हो ताई, पिशवी घेऊन काय करायचीय," म्हणतात आणि ब्लाऊज पर्समध्ये घालून जातात. अशा राहिलेल्या पिशव्यांचा माझ्या दारामागे ढीग आहे. तो कमी करायचा म्हणून मी काय काय करते, ते सांगायला बसलेय. पण त्यासाठी आधी पंचवटीत जावं लागेल.

आमचं लहानपण काळाराम मंदिराच्या अलीकडे एका वाड्यात गेलं. दोन खोल्या आणि सहा माणसं. वडील रविवार कारंज्यावरच्या एका किराणा दुकानात हिशेब लिहायचे आणि त्याच दुकानाला लागणाऱ्या कागदी पिशव्या आई घरी करून द्यायची. शनिवारी संध्याकाळी वडील सायकलच्या कॅरिअरला रद्दीचा गठ्ठा बांधून आणत. रविवारी सकाळी, जेवणाआधी, खळ शिजवायची.

खळ शिजवणं हे आईचं एकटीचं काम. वाटीभर मैदा थंड पाण्यात गुठळी मोडेपर्यंत कालवायचा. मग मंद आचेवर ठेवून ढवळत राहायचं, हात थांबवायचा नाही. पांढरा रंग जाऊन ती काचेसारखी दिसायला लागली आणि पळीवरून तार सुटली की उतरवायची. वरून चिमूटभर मोरचूद, म्हणजे झुरळं आणि कसर लागत नाही. मोरचूद विषारी, म्हणून खळीचं पातेलं वेगळं होतं. त्या पातेल्यात दुसरं काही कधी शिजलं नाही, आणि पिशव्यांना बसलेल्या हाताने आम्ही पाणीसुद्धा प्यायचं नाही, असा नियम होता.

मग आम्ही चौघं भावंडं रांगेत बसायचो. पेपरचं पान आडवं ठेवायचं, दोन्ही कडा मधे आणायच्या, एक कडा दुसरीवर बोटभर चढवायची, खळ लावून मुठीने दाबत न्यायची. झाली नळी. आता तळ. खालची चार बोटं वर दुमडायची, ती दुमड उघडून दोन्ही बाजूंचे कोपरे आत दाबायचे, की शंकरपाळ्यासारखा आकार पडतो. त्या शंकरपाळ्याचं खालचं टोक मधल्या रेषेच्या थोडं पुढे आणायचं, वरचं टोक त्याच्यावर चढवायचं आणि मधे खळ. टोकं नुसती एकमेकांना भिडवून चालत नाही, एकमेकांवर चढलीच पाहिजेत. तयार पिशव्या पाटाखाली ठेवून पाटावर वरवंटा.

संध्याकाळी तपासणी. आई एकेक पिशवी उघडून आत मूठ घालायची आणि खिडकीकडे धरून तळ बघायची. तळाशी उजेडाचा ठिपका दिसला की ती पिशवी बाद. "डाळ राहील गं, साखर कशी राहील?" म्हणायची. साखर हीच खरी परीक्षा होती. मी सात वर्षांची असताना माझ्या एका रविवारच्या वीसेक पिशव्या तिने बाजूला काढल्या होत्या. रागावली नाही. घडीवर नख फिरवून दाखवलं, "इथे तू घाई केलीस." आज कापड कापताना, टीप मारताना माझं नख आधी घडीवर फिरतं, ते तिच्याकडून आलंय.

शेजारच्या खोलीत राहणारे काका प्रेसमध्ये होते. नाशिकमध्ये प्रेस म्हटलं की नाशिक रोडचीच प्रेस, जिथे नोटा आणि तिकिटं छापतात, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. करन्सी नोट प्रेस १९२८ची, आमच्या वाड्यातल्या म्हाताऱ्यांच्या बरोबरीची. ते काका आमच्या पिशव्यांच्या पसाऱ्यातून वाट काढत जाताना एकदा थांबले आणि म्हणाले, "वहिनी, तुमचा कागद लाकडाचा, आमचा कापसाचा." नोटेचा कागद कापसाच्या तंतूंपासून करतात, म्हणून नोट विसरून खिशात धुतली गेली तरी शाबूत निघते. पेपरचा कागद लाकडाच्या लगद्याचा, तंतू आखूड, म्हणून तो भिजला की हातात गोळा येतो. त्या वयात मला एवढंच कळलं की कागदाकागदात फरक असतो. तो फरक बोटांनी ओळखायला मात्र शिवणाचं मशीन घरात यावं लागलं.

प्लास्टिक आलं ते १९९०च्या आसपास, निदान आमच्या दुकानात तरी. एका शनिवारी वडील रद्दीशिवाय आले. शेठने निरोप दिला होता, आता माल नको. आईने खळीचं पातेलं घासून माळ्यावर ठेवलं. उरलेल्या पिशव्या घरात दोन वर्षं पुरल्या.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. गोदावरीला पूर आला की घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठपर्यंत पाणी चढलं ते बघायला सगळं नाशिक जातं, तसं पाणी उतरल्यावर घाटाच्या पायऱ्यांवर आणि कठड्यांना काय लोंबकळतंय, तेही आम्ही वर्षानुवर्षं बघत आलो. २०१८च्या २३ मार्चला राज्य सरकारने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, असलेला साठा संपवायला तीन महिने दिले आणि २३ जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्या वेळी पाच हजार रुपये, दुसऱ्यांदा दहा, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. बंदी किती पाळली गेली ते भाजीबाजारात दिसतंच. कापडाच्या आणि दागिन्यांच्या दुकानांनी मात्र पिशव्या बदलल्या. माझ्या भिंतीवर कागद परत आला.

त्यातली पहिली खाकी पिशवी मी पंचवटीला नेऊन आईला दाखवली. तिने ती उलटी केली, आत मूठ घातली, खिडकीकडे धरली. मग चष्मा लावून तळ नीट बघितला. "हिचा तळ माझ्यासारखाच आहे की!" म्हणाली. खरंच होतं ते. टोकावर टोक चढवलेलं, मधे गोंद.

यंत्राने असा सपाट तळ घालायची युक्ती अमेरिकेतल्या एका बाईने शोधली. मार्गारेट नाईट तिचं नाव. पिशव्यांच्या कारखान्यात काम करताना तिने हे यंत्र उभं केलं. एका माणसाने ती कल्पना चोरून आपल्या नावावर नोंदवायचा प्रयत्न केला, तेव्हा ती कोर्टात गेली, जिंकली आणि १८७१ साली तिला पेटंट मिळालं. हे मी आईला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "म्हणजे आधी ती पण हातानेच करत असेल ना?" करत असणारच. घडी हाताला कळल्याशिवाय यंत्राला कशी शिकवणार!

खाकी कागदाला क्राफ्ट म्हणतात, आणि क्राफ्ट म्हणजे जर्मन भाषेत ताकद. लाकडाचे तुकडे रसायनात शिजवून त्यातले तंतू लांबच्या लांब, न तुटता सोडवायची ही रीत १८७९ साली कार्ल डाल नावाच्या रसायनतज्ज्ञाने काढली. म्हणून तो कागद वजन पेलतो. पण त्यासाठी झाड लागतं, पाणी लागतं, भट्टी लागते. माझ्याकडे येणाऱ्या बायका "कागदाचीच आहे ना, मग काय हरकत आहे" म्हणत पिशवी टाकून जातात, तेव्हा मला वाईट वाटतं ते यासाठी. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने २०११ साली एक अभ्यास छापला होता. पिशवी तयार होण्यापासून कचऱ्यात जाईपर्यंत हवेत किती उष्णता धरणारे वायू सोडते, याचा हिशेब त्यात मांडलाय. पातळ प्लास्टिकची पिशवी एकदा वापरून टाकली, तर तिची बरोबरी करायला कागदी पिशवी निदान तीनदा वापरावी लागते. सुती पिशवी तर १३१ वेळा. ते आकडे त्यांच्या देशातले आणि फक्त हवेच्या हिशेबाचे. प्लास्टिक नदीत, गाईच्या पोटात जातं तो हिशेब निराळा, आणि तेवढ्यासाठी मी कधीही कागदच घेईन. पण तीन हा आकडा माझ्या डोक्यात बसला तो बसलाच. दुकानातून घरी आली, एक. माझ्याकडे आली, दोन. ब्लाऊज घेऊन परत गेली, तीन. म्हणजे जी बाई पिशवी परत नेते, तिची पिशवी निदान त्या आकड्यापर्यंत तरी पोचते. जी माझ्याकडे राहते, तिचं पुढचं मला बघावं लागतं.

रद्दीत का देत नाही, असं लेक विचारते. देते ना, पण सगळ्यात शेवटी. आमच्या गल्लीत येणारे रद्दीवाले दादा म्हणतात, "ताई, हा माल वापीला जातो." पेठच्या रस्त्याने घाट उतरून गुजरातेत. तिथे पाण्यात भिजवून, घुसळून त्याचा पुन्हा लगदा होतो, पुन्हा कागद होतो. पण दर फेरीला तंतू तुटतात, आखूड होतात. पाच-सात फेऱ्यांनंतर त्यांच्यात एकमेकांना धरायची ताकद उरत नाही, म्हणून नवा तंतू मिसळावाच लागतो. म्हणजे लगद्यात गेलेली प्रत्येक पिशवी एक फेरी गमावून बसते. माझ्या खोलीत ती जेवढा काळ थांबेल, तेवढी तिची फेरी लांबते.

पावसाळ्यात मी कोणालाच कागदी पिशवीतून काही देत नाही. हे मी एका प्रसंगानंतर ठरवलं. पंचवटीतून एक काकू यायच्या, बसने. मुलाच्या लग्नाचा ब्लाऊज होता, मोतिया रंगाचं रेशीम, हाताने टाके घातलेली बाही. जुलैचा महिना, सकाळपासून झड लागलेली. मी पिशवी दिली, वरून छत्री होती, वाटलं निभावेल. सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, बस बदलताना तळ सुटला आणि ब्लाऊज चिखलात. त्या परत माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या हातात नुसत्या दोऱ्या राहिल्या होत्या, त्यांना चिकटलेला कागदाचा एक तुकडा. एक शब्द बोलल्या नाहीत, तो ब्लाऊज फक्त टेबलावर ठेवला. मी रात्री बसून दुसरा शिवला, कापड माझ्या पदरचं. पण ते टाके पुन्हा तसे उतरले नाहीत. तेव्हापासून जून ते सप्टेंबर माझ्या दाराशी सुती पिशव्या टांगलेल्या असतात, जुन्या अस्तरांच्या, परकरांच्या. नेते ती परत आणते. कागदाचे तंतू एकमेकांना धरून बसतात ते कोरडे असेपर्यंतच. पाणी मधे शिरलं की हात सुटतात. पण ते तसे सुटतात, म्हणूनच वापीला त्यांचा पुन्हा लगदा होतो. त्यामुळे कागदावर त्यासाठी राग धरता येत नाही.

पिशवीची निगा तशी सोपी आहे. कोरडी ठेवायची, तेलकट वस्तू घालायची नाही. एकदा तेल लागलं की ती ना वापरायची राहते, ना रद्दीवाल्याच्या कामाची. उकलायची असेल तर कात्री नको. चिकटवलेल्या कडेत वाफेचा हलका हात दिला की गोंद मऊ होतो आणि अख्खा कागद हाती येतो. मग उलट्या बाजूने कोमट इस्त्री. दोऱ्या काढून रिळाला गुंडाळून ठेवते. पेटीकोटच्या नाडीपासून पडद्याच्या बांधणीपर्यंत त्या कुठेही चालतात. तोंडाशी घातलेली पुठ्ठ्याची पट्टी निघते, तिच्यावर लेस गुंडाळायची.

चकचकीत पिशव्यांचं मात्र वेगळं आहे, आणि ते मला उशिरा कळलं. बाल्कनीत माझा खताचा डबा आहे. स्वयंपाकघरातला ओला कचरा, त्यावर सुका थर. वाळलेली पानं नसतील तेव्हा मी फाटक्या पिशव्यांचे बोटभर तुकडे करून घालते. कागद ओल शोषतो, वास येत नाही, मिश्रण मोकळं राहतं. एकदा कॉलेज रोडच्या एका दुकानाची सुंदर काळी पिशवी फाडून घातली. आठ महिन्यांनी खत चाळलं तर चाळणीत पारदर्शक पापुद्रे राहिले, कांद्याच्या सालासारखे, आणि त्यातल्या एकावर सोनेरी अक्षरं तशीच, वाचता येतील अशी. कागद कधीच विरून गेला होता, वरचं प्लास्टिक तेवढं उरलं होतं. त्या पिशवीवर हिरवं पान छापलेलं होतं, मला आठवतंय. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या पिशवीचा कोपरा जरासा फाडून बघते. तंतू दिसत सरळ फाटला तर कागद. फाटताना वरचा थर ताणला गेला, मागे राहिला, तर ती पिशवी खतात नाही, रद्दीत नाही. फक्त वापरायची, फाटेपर्यंत. त्यात मी वर्षानुवर्षांचे गोट, लेस, जरीचे काठ ठेवते. ज्या दुकानदारांचं माझं बोलणं आहे त्यांना मी सांगते, पिशवी साधी खाकी द्या, नाव एका रंगात छापा. ऐकतात काही.

खाण्याच्या पदार्थांना मी पेपरही लावत नाही, जुनी पिशवीही नाही. आईच्या पिशव्यांतून शहराने किती शेव-चिवडा, किती फुटाणे खाल्ले असतील! तेव्हा कोणाला शंका आली नाही. एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०१६ साली आणि पुन्हा २०२३ साली सांगितलं की छापील पेपरात अन्न बांधू नका, शाईतले घटक, शिशासारखे जड धातूसुद्धा, अन्नात उतरू शकतात. भजी निथळायला पेपर घेणं मी त्या दिवसापासून बंद केलं. आईला सांगितलं तर ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आपल्या पिशव्या डाळ-तांदळाच्या होत्या गं. धुऊन शिजवतात ते." मलाही तसंच म्हणायचं आहे. पण फुटाणे कोणी धुऊन खात नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत आहे.

पेपरची रद्दी आमच्या घरातून वापीला जात नाही, निफाडला जाते. तिथे माझ्या मामेभावाची द्राक्षबाग आहे. डिसेंबर उजाडला की दादाचा फोन येतो, "ताई, पेपर साठलेत का?" मण्यात पाणी उतरायच्या आधी घडांना कागद लावायचे असतात. रात्रीची थंडी आणि दुपारचं ऊन यांच्यात फार अंतर पडलं की हिरव्या मण्यावर गुलाबी छटा चढते, पिंक बेरी म्हणतात तिला, आणि तो माल बाजारात मागे पडतो. कागदाने ऊन थेट लागत नाही. निफाडची थंडी महाराष्ट्रभर बातम्यांत येते, ती बातमी ज्या कागदावर छापतात तोच कागद मग घडाला गुंडाळतात. मी एकदा गेले होते. मंडपाखाली वाकून चालायचं, आणि डोक्यावर ओळीने लटकलेल्या पेपरच्या पिशव्या, प्रत्येकीत एक घड. बायका झपाझप गुंडाळत होत्या, एका घडाला एक पान, वर चिमटीत धरून स्टेपलर. मी एकीचा हात बघत राहिले. तीही कडेवर कडा बोटभर चढवत होती. मला राहवलं नाही, मी तिच्याजवळ उभी राहून दहा-पंधरा घडांना कागद लावले. लहानपणीचे रविवार हातात परत आले. संध्याकाळी दादाने पेटी भरून द्राक्षं दिली, आणि ती आई दोनदा धुतल्याशिवाय कोणाला देत नाही, शाईसाठी.

आता माझ्या भिंतीकडे येते, कारण पिशव्यांचा खरा उपयोग तिथे आहे.

शिवण शिकताना पेपर कटिंग आधी शिकवतात. मापं घेऊन कागदावर आखायचं, कापायचं, मग तो कागद कापडावर ठेवून खडू फिरवायचा. क्लासमध्ये त्यासाठी ब्राऊन पेपर विकत घ्यायला लावायचे. घरी आल्यावर मी पेपरवर कटिंग करून बघितलं. पेपर मऊ, कड लगेच दुमडते, शिवाय एका पांढऱ्या अस्तरावर शाईचे डाग उमटले. उकललेली खाकी पिशवी मात्र या कामासाठीच जन्माला आल्यासारखी. जाड, कड ताठ, खडू फिरवताना हलत नाही, आणि साडीच्या दुकानातली मोठी पिशवी उकलली की एका ब्लाऊजचे सगळे भाग तिच्यात बसतात. पाठ, पुढचा भाग, कटोरी, बाही, पट्टी. ज्या बायका वर्षानुवर्षं येतात त्यांचं कटिंग मी असं करून ठेवलंय. भागांना भोक पाडून पिशवीचीच दोरी ओवायची आणि खिळ्याला टांगायचं. पाठीच्या तुकड्यावर नाव आणि साल. काहींच्या पाठीवर दुकानाच्या नावाची अर्धी अक्षरं दिसतात, काहींच्या कटोरीवर फोन नंबरचे चार आकडे. कोणाचं वजन वाढलं की कडेला खाकी पट्टी चिकटवते, खळीनेच. खळ अजून मीच शिजवते, मैद्याची, मोरचूद न घालता आणि थोडीशीच. कापडाजवळ विष नको.

तिथे एक कटिंग आईचं आहे. २०१८ साली तिला दाखवायला नेलेल्या त्या पहिल्या खाकी पिशवीचं. ती पिशवी तिने दोन वर्षं वापरली, पोथी घेऊन देवळात जायला. मग कोपरा फाटला तेव्हा माझ्याकडे परत दिली, "बघ, तुझ्या कामाची आहे का." तेव्हा तिची छाती छत्तीस होती. पुढच्या वर्षी पस्तीस. मग चौतीस, मग तेहेतीस. बाई अंगाने कमी झाली की कटिंगची कड कापून टाकायची असते, सोपं असतं ते. आईच्या कटिंगला मी कात्री लावलेली नाही. कड आत दुमडते, घडीवर नख फिरवते आणि घडीशेजारी पेन्सिलीने साल लिहिते. तिच्या पाठीच्या तुकड्यावर आता अशा तीन रेषा आहेत, एकीच्या आत एक.

यंदा दिवाळीला ती माप द्यायला आली. ब्याऐंशी वर्षांची आहे. भावाच्या स्कूटरवर बसून आली, कापड पिशवीत घालून. टेप लावली तर बत्तीस. मी काही बोलले नाही, खिळ्यावरून कटिंग काढलं आणि टेबलावर पसरलं. तिने त्या तीन रेषा बघितल्या, सालं वाचली. मग माझ्या हातातून तुकडा घेतला, चौथी कड स्वतः दुमडली आणि अंगठ्याच्या नखाने ती घडी या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. हात थरथरतो तिचा. घडी सरळ पडली.

"आत माया सोड पण," म्हणाली. "अंग भरलं पुन्हा, तर उसवता आलं पाहिजे."

मी दोन्ही बाजूंना दीड दीड इंच माया सोडली.